'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे' : वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार आणि आपण

दरवर्षी २१ मार्च हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीने जगभर 'वांशिक भेदभाव निर्मूलन दिन' म्हणून पाळला जातो. आपल्याकडे हा दिवस प्रायश्चित्त काळात येतो. क्रुसाच्या वाटेची भक्ती, पापनिवेदन, साधना-मेळावे यांच्या गर्दीत त्याची दखल बहुधा घेतली जात नाही. शिवाय वर्णद्वेष ही गोऱ्या आणि काळ्या लोकांमधील भानगड असून आपला तिच्याशी काही संबंध नाही, असाही समज आपल्यात रूढ आहे. या समजाला छेद देणारा एक शब्द आंतरराष्ट्रीय कायद्यात १९६५ सालापासून लिहिलेला आहे आणि तो तिथे घालण्यात खुद्द आपल्या देशाचा हात होता. तो शब्द कोणता आणि त्याचे पुढे काय झाले, हे वाचकांपुढे मांडावे या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

प्रथम २१ मार्च या तारखेविषयी. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीने कृष्णवर्णीयांवर 'पास' बाळगण्याची सक्ती केली होती. हा पास म्हणजे एक पुस्तिका असे. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन माणसाला ती सतत जवळ ठेवावी लागे. आपल्याच देशात कुठे राहायचे, कुठे काम करायचे, शहरात किती काळ थांबायचे, हे तीवरील शिक्क्यांवरून ठरे आणि ती जवळ नसली की तुरुंग. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल या वस्तीतील हजारो लोक आपले पास घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर जमले. 'आमच्याकडे पास नाहीत, आम्हांला अटक करा' एवढेच त्यांचे म्हणणे होते. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार ६९ माणसे मरण पावली आणि त्यांतील अनेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या. म्हणजे ते पळत होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९६६ मध्ये हीच तारीख या दिनासाठी निवडली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही ही तारीख नोंदलेली आहे. १९३७ साली २१ मार्च रोजी झावळ्यांचा रविवार होता. त्या दिवशी जर्मनीतील कॅथलिक चर्चच्या वेदीवरून पोप अकरावे पायस यांचे परिपत्रक वाचून दाखवण्यात आले. वंशाला, रक्ताला आणि राष्ट्राला देवाच्या जागी बसवणाऱ्यांचा त्यात स्पष्ट निषेध होता. परिपत्रकांची भाषा लॅटिन असण्याचा प्रघात सोडून ते जर्मन भाषेत लिहिले होते, गुप्तपणे देशात आणले होते आणि गुप्तपणेच छापले होते. ज्या छापखान्यांनी ते छापले त्यांच्यावर नाझी सरकारने जप्ती आणली.

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचा हक्क

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादा देश आपल्याच नागरिकांना वंशावरून हीन वागवीत असेल, तर इतर देशांना त्याबद्दल बोलण्याचा अधिकार आहे काय? आज आपल्याला हा प्रश्न सोपा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी त्याचे उत्तर 'नाही' असे होते. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिस येथे राष्ट्रसंघाची घटना तयार होत असताना जपानने एक साधी सूचना मांडली होती. राष्ट्रांची समानता आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक या तत्त्वाचा उल्लेख प्रस्तावनेत व्हावा, इतकीच ती सूचना. आयोगातील सतरापैकी अकरा मते तिच्या बाजूने पडली. तथापि अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी एकमत आवश्यक असल्याचे सांगून ती बाजूला ठेवली. गोऱ्यांखेरीज इतरांना प्रवेश नाकारणाऱ्या ऑस्ट्रेलियाचा तिला कडवा विरोध होता.

ही कोंडी फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न भारताने केला, आणि तोही स्वतंत्र होण्यापूर्वी. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेने तेथील भारतीयांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घालणारा कायदा केला. भारताने तिच्याशी व्यापार तोडला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या पहिल्याच आमसभेत तक्रार गुदरली. शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, ज्या पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. राष्ट्रसंघाच्या सनदेची प्रस्तावना तयार करण्यात या स्मट्स साहेबांचाच वाटा होता, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल! त्यांचा युक्तिवाद एकच होता : हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, सनदेच्या दुसऱ्या कलमान्वये त्यात कोणालाही हस्तक्षेप करता येणार नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. भारताच्या बाजूने ३२, विरुद्ध १५ आणि ७ तटस्थ. आवश्यक ते दोन तृतीयांश बहुमत भारताने थोडक्यात मिळवले. माणसाला माणूस म्हणून कसे वागवले जाते हा कोणत्याही देशाचा केवळ घरगुती मामला नाही, हे तत्त्व त्या दिवशी जगाच्या व्यासपीठावर प्रथमच ठामपणे मांडले गेले.

त्याच वर्षी मुंबईकरांना सुपरिचित असलेल्या एका विद्वानाने अमेरिकेला एक छोटे पत्र पाठवले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना जुलै १९४६ मध्ये लिहिले की, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे आपण वाचले. त्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात, कारण भारतातील अस्पृश्यही तसाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत. डू बॉइस यांनी महिनाअखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठवले. एका देशातून एकाच वर्षी दोन दिशांनी निघालेले हे दोन आवाज वाचकांनी ध्यानात ठेवावेत. एक आवाज सांगत होता की परदेशात आमच्या माणसांवर होणारा अन्याय जगाने पाहावा. दुसरा विचारत होता की घरात होणारा अन्यायही जगापुढे नेता येईल काय.

करार कसा जन्मला

१९५९ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला जर्मनीतील कोलोन शहरात ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरावर स्वस्तिकाची नाझी खूण आणि द्वेषाच्या घोषणा रंगवण्यात आल्या. थोड्याच आठवड्यांत असे प्रकार युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत घडले. महायुद्धाला पंधरा वर्षे होत आली तरी विष उतरले नव्हते. मग मार्चमध्ये शार्पव्हिल घडले. आणि १९६० या एकाच वर्षात आफ्रिकेतील सतरा देश स्वतंत्र झाले. वसाहतवादाच्या टाचेखाली भरडून निघालेली ही राष्ट्रे आमसभेत बसू लागताच तिचा सूर पालटला. १९६३ मध्ये वांशिक भेदभावाविरुद्ध जाहीरनामा निघाला आणि २१ डिसेंबर १९६५ रोजी, एकही विरोधी मत न पडता, सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाचे निर्मूलन करणारा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. ४ जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला. आज १८० हून अधिक देश त्याला बांधील आहेत. भारताने १९६८ मध्ये, तर व्हॅटिकनच्या परमधर्मपीठाने १९६९ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली.

(जाता जाता : मूळ विचार वंश आणि धर्म या दोन्ही आधारांवरील भेदभाव एकत्र हाताळण्याचा होता. राजकीय कारणांनी दोन्ही विषय अलग केले गेले. धर्माच्या बाबतीत १९८१ साली जाहीरनामा निघाला, परंतु बंधनकारक करार आजतागायत झालेला नाही.)

या कराराचे पहिले कलम शांतपणे वाचण्यासारखे आहे. भेदभाव कशाच्या आधारावर, तर वंश, वर्ण, जन्मकुळ, राष्ट्रीय मूळ किंवा वांशिक-सांस्कृतिक मूळ यांच्या आधारावर. यातील 'जन्मकुळ' हा शब्द, म्हणजे इंग्रजी मसुद्यातील 'डिसेन्ट', भारताच्या प्रतिनिधीने मांडलेल्या दुरुस्तीतून आला. लेखाच्या आरंभी आम्ही ज्या शब्दाचा उल्लेख केला तो हाच.

त्याच कलमातील आणखी एक गोष्ट सर्वसाधारण वाचकाच्या लक्षात येत नाही. भेदभाव ठरण्यासाठी वाईट हेतू असलाच पाहिजे असे नाही. ज्या कृतीचा 'हेतू किंवा परिणाम' एखाद्या समूहाचे समान हक्क हिरावून घेण्याचा असेल, ती भेदभावच होय. समजा, एखाद्या गृहनिर्माण वसाहतीने नियम केला की तीन पिढ्या या गावात राहिलेल्यांनाच येथे घर मिळेल. नियमात कोणत्याही जमातीचे नाव नाही, कोणाबद्दल अपशब्द नाही. तरीही बाहेरून आलेली एखादी संपूर्ण जमात त्यामुळे दाराबाहेर राहत असेल, तर 'आमच्या मनात तसे काही नव्हते' हे उत्तर पुरेसे होत नाही. तसेच मागे राहिलेल्या समूहांना पुढे आणण्यासाठी केलेल्या खास तरतुदी, म्हणजे आपल्याकडील राखीव जागांसारख्या, या भेदभाव मानल्या जाऊ नयेत असेही करार सांगतो. चौथ्या कलमात वंशश्रेष्ठत्वाचा प्रचार आणि द्वेषाची चिथावणी हे गुन्हे ठरवण्याचे बंधन आहे. भाषणस्वातंत्र्याच्या कारणास्तव अमेरिकेने ते पूर्णपणे स्वीकारलेले नाही.

पोलीस नसलेला कायदा

कायदा म्हटला की न्यायालय, पोलीस, दंड हे सारे ओघाने येते. येथे तसे काही नाही. जिनीव्हा येथे अठरा तज्ज्ञांची एक समिती बसते. प्रत्येक देशाने ठरावीक काळाने तिला अहवाल द्यायचा, तिच्यापुढे प्रतिनिधी पाठवायचे आणि प्रश्नांना उत्तरे द्यायची. त्यानंतर समिती आपले निष्कर्ष प्रसिद्ध करते. अनेक देश अहवाल वर्षानुवर्षे लांबवतात. समितीचा निष्कर्ष न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकता येत नाही. मग उपयोग काय, असे कोणीही विचारील.

उत्तरादाखल एक खरी घटना सांगतो. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात ऑगस्ट १९८९ मध्ये एक मोरोक्कन गृहस्थ, जो अंशतः अपंग होता, नगरपालिकेच्या अनुदानातून भाड्याने देऊ केलेले घर पाहायला गेला. घराबाहेर वीसेक माणसे जमली. 'आणखी परके नकोत' अशा आरोळ्या त्याने ऐकल्या. घर घेतलेस तर आग लावू, गाडीची मोडतोड करू, असेही सूचित करण्यात आले. त्याच दिवशी रहिवाशांनी सह्यांचा अर्ज तयार केला की या कुटुंबाला दुसरीकडे घर द्यावे. तो पोलिसांकडे गेला, तेव्हा प्रथम तक्रार नोंदवून घेण्यास नकार मिळाला. एका स्थानिक संस्थेने मध्यस्थी केल्यावर ती नोंदली गेली. पुढे सरकारी वकिलाने प्रकरण बंद केले आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

कराराच्या चौदाव्या कलमात अशी सोय आहे की, ज्या देशाने हे कलम खास घोषणा करून स्वीकारले असेल, त्या देशातील व्यक्ती आपल्या देशातील सर्व मार्ग संपल्यावर थेट समितीकडे तक्रार करू शकते. या गृहस्थाने तेच केले. १९९३ मध्ये समितीने मत दिले की, वांशिक हिंसेच्या धमक्या दिल्या जातात, विशेषतः उघडपणे आणि जमावाने दिल्या जातात, तेव्हा त्यांचा तातडीने व कसून तपास करणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि येथे ते पाळले गेले नाही. त्याला झालेल्या मनस्तापाची भरपाई करावी, अशीही शिफारस केली. एका भाडेकरूच्या तक्रारीतून निघालेले हे सूत्र नंतर सगळ्याच सदस्य देशांना लागू पडले. आमच्या मते या कराराची ताकद अशा ठिकाणी आहे. तो कोणाला शिक्षा करीत नाही. तो 'हे किरकोळ आहे' असे म्हणून दार लावून घेण्याची सोय काढून घेतो.

अर्थात त्याला नको ते श्रेयही देऊ नये. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवट या करारामुळे कोसळली नाही. तो देश तेव्हा कराराचा सदस्यही नव्हता. १९७७ साली सुरक्षा परिषदेने घातलेली शस्त्रबंदी, खेळांतील बहिष्कार, आर्थिक निर्बंध आणि या सगळ्यांपेक्षा अधिक तेथील जनतेने दिलेली किंमत, यांमुळे १९९४ मध्ये सर्वांना मताधिकार मिळाला. राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांनी नव्या राज्यघटनेवर १० डिसेंबर १९९६ रोजी सही केली ती शार्पव्हिल येथे.

डरबनमध्ये काय झाले

त्याच दक्षिण आफ्रिकेत, डरबन शहरी, ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ या काळात वंशवाद, वांशिक भेदभाव व परकीयद्वेष यांविरुद्धची तिसरी जागतिक परिषद भरली. यापूर्वीच्या दोन परिषदा १९७८ व १९८३ मध्ये जिनीव्हा येथे झाल्या होत्या. डरबनची आठवण दोन कारणांनी कडवट आहे. इस्राएल-पॅलेस्टाइन वादावरून अमेरिका आणि इस्राएल यांनी सभात्याग केला. आणि परिषद संपल्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कवर हल्ला झाला व साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. तरीही गुलामगिरी आणि गुलामांचा व्यापार हे मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत आणि ते नेहमीच तसे मानले जायला हवे होते, हे वाक्य डरबनच्या जाहीरनाम्यात कोरले गेले, हे कमी नाही. पुढे २०१५ ते २०२४ हे आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी आंतरराष्ट्रीय दशक म्हणून पाळले गेले आणि त्यानंतर दुसरे दशक जाहीर झाले.

आपल्या दृष्टीने डरबनचा मुद्दा वेगळा आहे. भारतातून दलित संघटनांचे कार्यकर्ते तेथे मोठ्या संख्येने गेले होते. 'काम आणि जन्मकुळ' यांवर आधारित भेदभावाचा उल्लेख अंतिम मसुद्यात असावा, ही त्यांची मागणी. प्राथमिक मसुद्यात तसा परिच्छेद होताही. भारत सरकारने त्याला विरोध केला. तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी परिषदेत भूमिका मांडली की जातीचा प्रश्न या परिषदेच्या कक्षेत बसत नाही. अखेर तो परिच्छेद गळाला.

सरकारची बाजू पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे शास्त्रीय दृष्ट्या खरेच आहे. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी त्या काळी हेच लिहिले होते आणि खुद्द डॉ. आंबेडकरांनीही जातींचा उगम वेगवेगळ्या वंशांत शोधण्याची कल्पना खोडून काढली होती. अस्पृश्यतेला आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने मूठमाती दिली आहे, हेही खरे. पण करार केवळ वंशाविषयी बोलत नाही, तो जन्मकुळाविषयीही बोलतो. माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावरून त्याने कुठले पाणी प्यावे, कुठले काम करावे, कोणाशी लग्न करावे हे ठरत असेल, तर त्याला जन्मकुळावरील भेदभाव म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? जिनीव्हाच्या समितीने १९९६ मध्येच भारताला हे कळवले होते. २००२ मध्ये तिने सर्व देशांसाठी स्वतंत्र शिफारस काढून जन्मकुळ या शब्दात जातिव्यवस्था येते असे निःसंदिग्धपणे नमूद केले. फेब्रुवारी २००७ मध्ये भारताचा अहवाल तिच्यापुढे आला, तेव्हाही आपले प्रतिनिधिमंडळ जात कराराच्या कक्षेबाहेर असल्याचेच सांगत राहिले. गंमत अशी की, दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २००६ मध्ये, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी दिल्लीत भाषण करताना अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाशी केली होती.

१९४६ मध्ये स्मट्स साहेबांनी जे उत्तर भारताला दिले, तेच उत्तर भारत आता जगाला देऊ लागला. जन्मकुळ हा शब्द मात्र ज्याने दिला त्याच्याकडेच परत येऊन उभा राहिला.

ख्रिस्तसभेचे घर

इथवर वाचून 'सरकारे अशीच असतात' असे म्हणून कोणी सुस्कारा सोडला असेल, तर त्याने थोडे थांबावे. डरबन हे शहर कॅथलिकांना आर्चबिशप डेनिस हर्ली यांच्यामुळेही ठाऊक आहे. १९५१ ते १९९२ अशी चार दशके ते तेथील आर्चबिशप होते आणि वर्णभेदाविरुद्ध त्यांनी उघड भूमिका घेतली. १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बिशपांनी एक संयुक्त निवेदन काढून वर्णभेद हा मुळातच दुष्ट आहे असे जाहीर केले. त्या निवेदनातील दुसरा भाग कमी लोकांना माहीत आहे. आमच्याच शाळांत, गुरुविद्यालयांत, मठांत, रुग्णालयांत आणि संघटनांत ही विभागणी चालू आहे, हे त्यांनी त्याच कागदावर मान्य केले आणि ती नाहीशी करण्याचे आवाहन केले. प्रत्यक्षात कॅथलिक शाळांची दारे सर्व वर्णांच्या मुलांना उघडायला १९७६ साल उजाडले. कबुली आणि कृती यांत जवळजवळ वीस वर्षे गेली.

व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने १९८८ मध्ये 'ख्रिस्तसभा आणि वंशवाद' हा दस्तऐवज तयार केला आणि डरबन परिषदेच्या निमित्ताने २००१ मध्ये नव्या प्रस्तावनेसह तो पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात वसाहतींच्या इतिहासाचाही विचार आहे. १४५२ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना जिंकून कायमचे दास करण्याची मुभा दिली होती. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी अमेरिका खंडातील मूळ रहिवासी हे पूर्ण अर्थाने माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे बजावले. पण तोवर जहाजे निघून गेली होती. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची खरेदी-विक्री होत असे. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासाचा अभिमान बाळगताना हे पान फाडून टाकता येत नाही. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून, शोध लावला म्हणून दुसऱ्याची भूमी आपली झाली हा सिद्धांत आणि त्याला आधार देणारी विचारसरणी ख्रिस्तसभा नाकारते, असे स्पष्ट केले.

आणि जात? पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांशी बोलताना सांगितले की ख्रिस्ती लोकांमधील जातीय पूर्वग्रहाची खूणही सुवार्तेच्या कार्याला बाधक आहे. त्या राज्यात काही ठिकाणी दफनभूमीतही दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळी बाजू दिलेली आहे. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या अंतरंगात अस्पृश्यता व भेदभाव असल्याचे मान्य केले. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल. महाराष्ट्रात आपल्याकडे दफनभूमीत भिंती नाहीत, असे अभिमानाने सांगितले जाते. लग्नाच्या बोलणीत मात्र 'ते आपल्यातले नव्हेत' हे वाक्य निघते आणि विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' हे विशेषण शिक्षणाच्या आधी येते. त्यावर अधिक भाष्य नको.

परका कोण?

परकीयद्वेषाविषयी थोडक्यात. हा करार नागरिक आणि परदेशी यांत काही फरक करण्याची मुभा देतो. मतदानाचा हक्क नागरिकालाच असेल, हे समजण्यासारखे आहे. तथापि २००४ च्या शिफारशीत समितीने स्पष्ट केले की या फरकाच्या आडून परक्याचे मूलभूत मानवी हक्क नाकारता येणार नाहीत. आखाती देशांत राबणाऱ्या कोकण-गोव्यातील कुटुंबांना हा विषय नवा नाही. मात्र आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कतार विरुद्ध संयुक्त अरब अमिरात या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्णय दिला की केवळ सध्याच्या नागरिकत्वावरून केलेला भेद हा 'राष्ट्रीय मूळ' या शब्दात मोडत नाही. पासपोर्ट पाहून कमी-अधिक वागणूक मिळणाऱ्या कामगाराच्या हातून एक आधार त्यामुळे निसटला, असे आम्हांला वाटते.

भारतापुरते बोलायचे तर २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याच्या केसांवरून, रूपावरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी वांशिक अपमानाविरुद्ध फौजदारी कायद्यात नवी कलमे घालण्याची शिफारस केली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. २०२० च्या साथीत ईशान्येकडील लोकांना रस्त्यात 'करोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सांगितले होते की, मानवी जीवन पवित्र आहे असे म्हणणाऱ्याला वंशवादाकडे डोळेझाक करता येत नाही. 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रात त्यांनी वंशवादाला रूप पालटून दडून बसणाऱ्या विषाणूची उपमा दिली.

शेवटी पुन्हा चौदाव्या कलमाकडे. दक्षिण आफ्रिकेने १० डिसेंबर १९९८ रोजी कराराला मान्यता देताना हे कलमही स्वीकारले. म्हणजे शार्पव्हिलचा रहिवासी आपल्याच सरकारविरुद्ध जिनीव्हाला पत्र लिहू शकतो. भारताने ते स्वीकारलेले नाही. त्यामुळे भारतीय नागरिकाला देशातील कायद्यांवरच विसंबावे लागते. त्यांतील प्रमुख म्हणजे १९८९ चा अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. अनुसूचित जातीत कोण मोडतो हे राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ठरते. त्या आदेशात आरंभी मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्यात घेण्यात आले. दलित ख्रिस्ती त्यात नाहीत. आदेशाला आव्हान देणाऱ्या याचिका २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या आणि या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. एखाद्या दलित ख्रिस्ती माणसाला त्याच्या जन्मकुळावरून गावात मारहाण झाली, तर त्याने पोलीस ठाण्यात कोणत्या कायद्याखाली तक्रार नोंदवावी, हा प्रश्न या आदेशाशी जोडलेला आहे.